मचाणावरचं पांढरं निशाण

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. इतकी, की त्या राज्याचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी ऐकून घटकाभर गप्प बसावं, अशी ती आहे.

समुद्राकाठी एक राज्य होतं. राजधानी टेकडीवर होती आणि टेकडीच्या पायथ्याशी, खाडीच्या तोंडावर, खाजणवाडी नावाचं कोळ्यांचं गाव होतं. गावातले पुरुष होड्या घेऊन मासेमारीला जात. बायका ओहोटी लागली की खडकांवर जाऊन त्यांना चिकटलेली कालवं फोडत, शिंपल्या वेचत. गाव श्रीमंत नव्हतं, पण तिथं कुणी उपाशी झोपत नसे.

राज्याला एकच मोठी अडचण होती, ती म्हणजे उजेडाची. डोंगरांवरची झाडं सरपणासाठी केव्हाच तोडून झाली होती. तेलबिया धड पिकत नव्हत्या. दिवस मावळला की घरंच्या घरं काळोखात बुडत. सुईणी चाचपडत बाळंतपणं करीत. वैद्याला रोग्याचा चेहरा दिसत नसे.

कोळ्यांना मात्र एक गोष्ट आजोबा-पणजोबांपासून ठाऊक होती. किनाऱ्यापासून दोन कोसांवर एका जागी समुद्राच्या तळातून काळे थेंब वर येत. कोळी ते गोळा करून होड्यांच्या फटींना लावत. एकदा एका फिरत्या लोहाराने ते थेंब कढवले, गाळले आणि पणतीत घालून वात पेटवली. वात रात्रभर जळली. बातमी टेकडीवर पोहोचली.

राजा मनाने चांगला होता. त्याने हुकूम धाडला नाही, तो स्वतः खाली उतरून खाजणवाडीत आला आणि वाळूवर अंथरलेल्या चटईवर बसला. समुद्रात खुंट रोवून मचाण बांधायचं, मचाणावरून खडकात नळ उतरवायचा आणि रहाटाने तेल वर ओढायचं, असं त्याच्या मनात होतं. गावातल्या माणसांना तिथं काम मिळेल, गावाला गोड्या पाण्याचं टाकं आणि होड्यांसाठी दगडी धक्का बांधून देऊ, मुलांसाठी शाळा काढू, असं त्याने सांगितलं.

सगळे खूश झाले. तेवढ्यात पोशीबाय उठली. ती विधवा होती, कालवं विकून तिने एक मुलगी आणि एक मुलगा वाढवला होता. मनातलं तोंडावर बोलायची तिची सवय साऱ्या गावाला माहीत होती.

"राजे, तुमचं तेल आमच्या पाण्यात सांडलं तर काय करायचं?" तिने विचारलं.

"ज्या दिवशी सांडेल, त्याच दिवशी काम थांबेल. माझा शब्द आहे," राजा म्हणाला.

"तुमचा शब्द खरा. पण तुम्ही राहणार टेकडीवर. सांडलं हे तुम्हाला कळणार कसं?"

राजाने थोडा विचार केला. मग तो म्हणाला की मचाणावर गावाचाच एक राखणदार नेमू. समुद्र ठीक असेल तोवर त्याने पांढरं निशाण चढवायचं. काही बिघडलं तर तांबडं चढवायचं. तांबडं निशाण दिसलं की रहाट थांबवायचा. त्यासाठी राखणदाराला कुणालाही विचारायची गरज नाही, अगदी राजालासुद्धा. हे सगळं त्याने गावासमोर मोठ्याने सांगितलं.

राखणदार कोण, यावर गावात चर्चा झालीच नाही. सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं. हाशा नाखवा, पोशीबायचा थोरला भाऊ. समुद्राच्या बाबतीत हाशा कधी खोटं बोलत नाही, हे सर्वांना माहीत होतं. एकदा निरभ्र आकाश असताना त्याने सगळ्या होड्या माघारी फिरवल्या होत्या. लोक चिडले, काही जण हसले. संध्याकाळी वादळ आलं, आणि हसणाऱ्यांनी त्याचे पाय धरले. असा माणूस मचाणावर आहे म्हटल्यावर गाव निश्चिंत झालं.

मचाण उभं राहिलं. राजाने दिलेला शब्द पाळला. टाकं झालं, धक्का झाला, शाळाही झाली. टेकडीवर घराघरांत दिवे लागले. रोज सकाळी खाजणवाडीच्या बायका खडकांवर जाताना समुद्राकडे बघत. दोन कोसांवर पांढरा ठिपका दिसला की पदर खोचून कामाला लागत.

अशी तीन वर्षं गेली.

पोशीबायचा मुलगा जोमा आता कर्ता झाला होता. गावात त्याच्यासारखा बुडी मारणारा दुसरा कुणी नव्हता. मचाणाखाली जाऊन नळ तपासायचं काम त्याच्याकडे होतं. चौथ्या वर्षी, हिवाळा संपता संपता, एके दुपारी तो पाण्यातून वर आला आणि अंग न पुसताच मामाजवळ गेला.

"मामा, खाली भेग पडलीय. नळ खडकात शिरतो ना, तिथंच. माझं बोट मावतं तेवढी."

त्याने बोट दाखवलं. ते दुसऱ्या पेरापर्यंत काळं झालं होतं.

हाशाने विचारलं की बुजवता येईल का. जोमा म्हणाला की सहज येईल. चामडं गुंडाळायचं, वरून तांब्याचा पट्टा आवळायचा आणि राळ भरायची. मात्र राळ घट्ट बसेपर्यंत नळाला धक्का बसता कामा नये. रहाट पंधरा दिवस थांबवावा लागेल.

तांबडं निशाण मचाणावरच्या पेटीत होतं. तीन वर्षांत त्याची घडी मोडली नव्हती. हाशाने पेटी उघडली, निशाण हातात घेतलं. मग त्याने ते परत ठेवलं आणि तो आधी मचाणाचं काम बघणाऱ्या राजाच्या कारभाऱ्याकडे गेला.

इथंच त्याचं चुकलं. निशाण चढवायला कुणाची परवानगी लागत नव्हती, राजाने तसं साऱ्या गावासमोर सांगितलं होतं. पण तीन वर्षांत हाशा मचाणावरच्या माणसांत मिसळून गेला होता. कारभारी त्याला हाशानाईक म्हणायचा, जेवायला शेजारी बसवायचा. त्याला न विचारता काम थांबवणं हाशाला उद्धटपणाचं वाटलं.

कारभाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं. तो रागावला नाही, त्याने धमकीही दिली नाही. त्याने एवढंच सांगितलं की दहा दिवसांवर युवराजांचं लग्न आहे. पाच राज्यांचे राजे येणार आहेत. सगळी राजधानी दिव्यांनी उजळायची आहे आणि त्यासाठी लागणारं तेल अजून पुरेसं साठलेलं नाही. आता रहाट थांबला तर राजाची मान खाली जाईल.

"हाशानाईक, भेग बोटभर आणि समुद्र केवढा," तो म्हणाला. "दहा दिवसच तर मागतोय. लग्न झालं की मी स्वतः रहाट थांबवतो."

हाशाने समुद्राकडे पाहिलं. समुद्र खरोखरच मोठा होता.

तो परत आला आणि जोमाला म्हणाला की दहा दिवस थांबायचं आहे. जोमाला ते पटलं नाही. त्याने विचारलं, आईला तरी सांगू का? हाशा म्हणाला, "नको. उगाच घाबरेल, गावभर करेल. दहा दिवस कसेही जातील." जोमाचे वडील तो लहान असतानाच वारले होते. मामाने त्याला पोहायला शिकवलं होतं, वल्हं धरायला शिकवलं होतं. मामाने सांगितलं म्हणजे झालं, असं समजून तो गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मचाणावर पांढरं निशाण चढलं. ते चढवताना हाशाने किनाऱ्याकडे पाठ केली. तिसऱ्या दिवशी तेही करावं लागलं नाही.

पाचव्या दिवशी पोशीबाय एकटीच होडी वल्हवत मचाणाशी आली. ती वर चढली नाही. खालूनच तिने सांगितलं की कालवांना वास येतोय, आणि खडकांवर पाणी तेलकट दिसतंय.

हाशा कठड्याशी आला. त्याने सांगितलं की पिंपं धुतली होती, त्याचं पाणी तिकडं गेलं असेल.

पोशीबायने मान वर करून निशाणाकडे पाहिलं. मग भावाकडे पाहिलं.

"तू म्हणतोस ना? मग ठीक आहे," ती म्हणाली आणि होडी वळवून निघून गेली.

गावात गेल्यावर तिने बायकांना सांगितलं की हाशाला विचारून आलेय, काही नाही. बायकांनी कालवं फोडली, लेकरांना खाऊ घातली. पुढचे दोन दिवस घराघरांत पोरं ओकत होती. ऊन बाधलं, असं म्हणून आयांनी त्यांना कोकमाचं सरबत पाजलं.

त्या काळी प्राणी माणसांशी बोलत. सातव्या दिवशी एक म्हातारी कासवीण मचाणाच्या खुंटाशी वर आली. तिच्या डोळ्यांवर, नाकपुड्यांवर काळा चिकट थर होता. हाशा खालच्या फळीवर उतरला आणि डोक्याचं फडकं सोडून त्याने तिचे डोळे पुसले.

"तुझ्या जन्माआधीपासून मी या किनाऱ्यावर अंडी घालायला येते," कासवीण म्हणाली. "मी पाण्यात राहते, पण श्वास वरच्या हवेचा घेते. आता वर यावं तर तोंडात हे जातं. किती दिवस असं राहणार आहे?"

"थोडेच दिवस."

"तुला नक्की माहीत आहे?"

हाशाने हो म्हटलं. कासवीण थोडा वेळ तिथंच तरंगत राहिली. मग म्हणाली, "तू डोळे पुसलेस, बरं वाटलं. पण ज्याला थांबवता येतं, त्याने नुसते डोळे पुसून काय होणार?" आणि ती बुडी मारून गेली. त्या वर्षी किनाऱ्यावर तिची पावलं उमटली नाहीत, नंतरही कधी उमटली नाहीत.

त्या दिवशी हाशाला जेवण गेलं नाही. त्याने दोनदा पेटी उघडली. प्रत्येक वेळी त्याच्या मनात आलं की सात दिवस सांगितलं नाही आणि आता सांगायचं, तर आधी का सांगितलं नाहीस असं लोक विचारतील. बहीण विचारेल. ती लाज त्याला भेगेपेक्षा मोठी वाटली. दोन्ही वेळा त्याने पेटी बंद केली.

दहाव्या दिवशी युवराजांचं लग्न झालं. राजधानी अशी उजळली की पाहुणे राजे तोंडात बोटं घालत राहिले. हाशालाही बोलावणं होतं. राजाने त्याला जवळ बोलावून पाहुण्यांना सांगितलं की आमच्या समुद्राची राखण हा करतो, याच्यामुळे आम्ही निर्धास्त आहोत. त्याच्या खांद्यावर शेला घातला. हाशाने मान खाली घातली. लोकांना वाटलं, किती नम्र माणूस आहे.

लग्नानंतर रहाट थांबायचा होता. कारभारी म्हणाला, पाहुणे अजून आहेत, चार दिवस जाऊ द्या.

बाराव्या दिवशी, सकाळची न्याहारी चालली असताना, मचाण एकदम हादरलं. रहाट ओढणारी माणसं आडवी पडली. खालून गडगडल्यासारखा आवाज आला आणि खुंटांमधलं पाणी काळं होऊन उकळल्यासारखं वर येऊ लागलं. नळ खडकापाशी फुटला होता. रहाट थांबवला, तरी तेल थांबेना. आता ते आपल्याच जोराने येत होतं.

हाशाने धावत जाऊन तांबडं निशाण चढवलं. गावातून ते सगळ्यांना दिसलं. पण वारा किनाऱ्याकडे होता आणि काळं पाणी निशाणाच्या मागोमाग गावात पोहोचलं.

दुपारपर्यंत खाडीचं तोंड काळं झालं. कोळ्यांनी होड्या आडव्या लावल्या, भाताच्या पेंढ्याचे भारे पाण्यात सोडले, जुनी जाळी पसरली. तेल सगळ्यांखालून, सगळ्यांमधून आत आलं. खडक काळे पडले, कालवांची तोंडं उघडी पडली. बगळे चिखलात उतरले ते पुन्हा उडाले नाहीत. खाडीच्या कडेनं मेलेल्या माशांच्या रांगा लागल्या, आणि बायका काय करावं ते न कळून नुसत्या उभ्या राहिल्या.

राजा पाहुण्यांना तसंच सोडून खाली आला. होडीतून मचाणावर गेला. त्याने विचारलं, हे केव्हापासून आहे? कारभारी म्हणाला, आज सकाळीच झालं महाराज. राजाने हाशाकडे पाहिलं. हाशा बोलला नाही. जोमाने मामाकडे पाहिलं, आणि तोही बोलला नाही.

मग राजाने विचारलं की हे बंद कसं करायचं. जोमा पुढे झाला. त्याने सांगितलं की आता चामडं आणि पट्टा उपयोगाचा नाही. लाकडाचं जाड बूच करून, त्याला चामडं गुंडाळून, खाली नळाच्या तोंडात ठोकून बसवावं लागेल. खाली काही दिसणार नाही, सगळं हाताने चाचपून करावं लागेल.

हाशा म्हणाला, "मी जातो."

"तुला जागा सापडणार नाही, मामा. मला माहीत आहे कुठं आहे ते," जोमा म्हणाला. हे तो साध्या आवाजात बोलला, टोमणा म्हणून नव्हे. पण हाशाच्या काळजाला ते जाऊन लागलं.

जोमाच्या कमरेला दोर बांधला. दोराला तीन हिसके बसले की काम झालं समजायचं आणि वर ओढायचं, असं ठरलं. दोर हाशाने स्वतः हातात धरला. जोमाने छाती भरून श्वास घेतला आणि बूच घेऊन तो काळ्या पाण्यात शिरला.

दोर खाली जात राहिला, मग थांबला.  खालून ठोकल्याचे बारीक धक्के खुंटांना जाणवत होते. हळूहळू उकळणारं पाणी निवलं. आणि दोराला हिसके बसले. एक, दोन, तीन.

सगळ्यांनी मिळून दोर ओढला. पण जोमा रोज बुडी मारून वर यायचा तेव्हा असायची तशी मोकळी हवा आज वर नव्हती. पाण्यावर हातभर जाड तेल साठलं होतं. श्वास संपत आलेला माणूस पाणी संपलं असं समजून तोंड उघडतो, तसं त्याने ते तेलात उघडलं असावं. त्याला फळीवर घेतला तेव्हा त्याचं नाक, तोंड, घसा सगळं भरलेलं होतं. हाशाने बोटं घालून ते काढलं, पाठ चोळली, छातीवर दाब दिला, नावाने हाका मारल्या. खूप वेळाने राजाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तो थांबला.

भेग बंद झाली होती.

होडीतून जोमाला किनाऱ्यावर आणलं. पोशीबाय पाण्यात गुडघाभर उतरून उभी होती. ती रडली नाही. तिने मुलाचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदराने त्याचा चेहरा पुसायला लागली. पदर काळा झाला, चेहरा स्वच्छ होईना. एका बाईने खोबरेल तेल आणून दिलं. त्याने थोडा थोडा रंग निघाला, आणि जोमा ओळखू येऊ लागला.

तेव्हा हाशा बोलला. राजासमोर, गावासमोर त्याने सगळं सांगितलं. भेग केव्हा पडली, ती केवढी होती, कुणी पाहिली, तो कुणाकडे गेला आणि काय ऐकून परत आला. काहीही मागे ठेवलं नाही.

पोशीबायने मान वर केली.

"मी होडी घेऊन आले होते, तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"जोमाला?"

"त्यानंच मला सांगितलं होतं. तुला सांगायला मी नको म्हटलं."

तिने पदराने जोमाचे केस पुसले. मग म्हणाली, "निशाण राजाचं होतं, दादा. पण आम्ही रोज सकाळी बघायचो ते तुझं म्हणून बघायचो."

कारभाऱ्याला राजाने त्याच दिवशी काढून टाकलं आणि राज्याबाहेर घालवलं. पण राजाला चैन पडेना. तो गावकऱ्यांना म्हणाला, "माझ्या खिडकीतून मला निशाण दिसत होतं. मी तेवढंच पाहत राहिलो. तीन वर्षांत एकदाही खाली येऊन पाण्यात हात घातला नाही. राखणदार तुमचा नेमला, पण त्याला बसवला माझ्या कारभाऱ्याच्या पंगतीत." त्याने मचाण पाडायला सांगितलं. गावाला धान्य दिलं, राजधानीतून शेकडो माणसं खडक घासायला पाठवली. स्वतःही महिनाभर त्यांच्यात राबला. जे करायचं ते त्याने केलं, पण ते सगळं उशिरा होतं.

खडक घासले तरी फटींतलं तेल निघालं नाही. दर भरतीला ते पुन्हा थोडं थोडं बाहेर येई. मासे खाडीत येईनासे झाले. दगडी धक्का मजबूत होता, पण त्याला लागायला होड्या उरल्या नाहीत. गोड्या पाण्याचं टाकं भरलेलं असे, पण पाणी प्यायला माणसं कमी होत गेली. एकेक घर बंद झालं. कुणी दुसऱ्या किनाऱ्यावर गेलं, कुणी आतल्या गावांत मजुरीला. शाळा एके वर्षी उघडलीच नाही. टेकडीवरचे दिवेही विझले, आणि लोक पुन्हा काळोखात चाचपडू लागले.

हाशाला काय शिक्षा द्यायची, हे राजाने पोशीबायवर सोपवलं होतं. ती म्हणाली होती की त्याला मारू नका, कोंडूही नका. त्याला इथंच राहू द्या. किनारा काळा कशाने झाला असं कुणी विचारलं, तर ते त्यानेच सांगावं. दुसऱ्या कुणी सांगू नये.

म्हणून हाशा तिथंच राहिला. दिवसभर तो खडक घासायचा. दूरदूरच्या राज्यांचे लोक यायचे, त्यांनाही त्यांच्या समुद्रात मचाणं बांधायची होती. त्यांना तो सगळं सांगायचा. काही जण नीट ऐकून, विचार करत परत जात. काही जण म्हणत, आमच्याकडे असं होणार नाही. त्यांच्यामागे तो धावत जाई आणि थोडं अंतर बरोबर चालत पुन्हा सांगत राही.

पोशीबाय आपल्या मुलीकडे आतल्या गावात राहायला गेली. वर्षातून एकदा, जोमा गेला त्या तिथीला, ती किनाऱ्यावर येई, पाण्याला हात जोडी आणि निघून जाई. भावाशी ती बोलत नसे. तोही समोर येत नसे.

सातव्या वर्षी ती आली तेव्हा खडकांवर हाशा दिसला नाही. ती त्याच्या झोपडीत गेली. तो तापाने फणफणला होता. तिने चूल पेटवली, तांदळाची पेज केली आणि त्याला उठवून बसवलं.

"पोशी, त्या दिवशी मी तांबडं निशाण चढवलं असतं तर…" हाशा बोलू लागला.

"तर आज जोमा इथं बसून तुला पेज भरवत असता. मला यावं लागलं नसतं," ती म्हणाली.

हाशा रडू लागला. तिने त्याला रडू दिलं, मग पुन्हा एक घास तोंडाशी नेला.

"माफ करायला नाही आले मी. तसं करायला मला जमत नाही. तू माझा भाऊ आहेस आणि आजारी आहेस, म्हणून आले."

त्याने सगळी पेज खाल्ली. तिने वाडगं धुऊन पालथं घातलं, चुलीतला विस्तव झाकला आणि सूर्य मावळायच्या आत ती आपल्या वाटेने गेली.

हाशा त्या दुखण्यातून उठला. पुढे कितीतरी वर्षं तो जगला, आणि चालता येत होतं तोवर खडक घासत राहिला. तो वारला तेव्हा किनाऱ्याचा निम्मा भागही स्वच्छ झाला नव्हता. त्याला खांदा द्यायला गावात चार माणसं नव्हती. ती शेजारच्या गावाहून बोलवावी लागली.

ऐकणाऱ्यांनो, एवढं मनात धरा: ज्याच्या भरवशावर लोक निर्धास्त जगतात, त्याने धोका दिसताक्षणी बोललं पाहिजे, कारण उशिरा सांगितलेलं खरं गेलेल्या कुणालाच परत आणत नाही.